मॅडम, डिपार्टमेंटमध्ये कधी सांगू?

गेल्या महिन्यात ओपीडी संपता संपता एक मुलगी आली. सासर मुंबईत, माहेर आपल्या भिवंडीतच. वय 29. ॲनेस्थेशियाची दुसऱ्या वर्षाची रेसिडेन्ट डॉक्टर. सोनोग्राफी केली, नऊ आठवडे पूर्ण, बाळाचे ठोके छान. ठोके ऐकले की बहुतेक जणी हसतात, नाहीतर डोळे पुसतात. हिने पहिला प्रश्न विचारला, "मॅडम, डिपार्टमेंटमध्ये कधी सांगू?"

(तिला विचारूनच लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

तुम्ही म्हणाल, ही डॉक्टर लोकांची आपसातली कटकट, आम्हाला काय तिचं? तर आधी रेसिडेन्ट म्हणजे कोण ते सांगते. एमबीबीएसनंतर एमडी किंवा एमएस करणारा डॉक्टर तीन वर्षं कॉलेजच्या रुग्णालयात शिकतो आणि राबतोही. इथून एखादी गुंतागुंतीची बाळंतपणाची केस ठाण्याला किंवा मुंबईला पाठवली, तर रात्री दोन वाजता तुमच्या बायकोला किंवा सुनेला पहिल्यांदा तपासतो तो हाच रेसिडेन्ट. सलग चोवीस तास, कधी छत्तीस तास ड्यूटी झालेली असते. आता या डॉक्टरांमध्ये मुली भरपूर आहेत.

हिशेब मांडून बघा. बारावी अठराव्या वर्षी. एमबीबीएसची इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं. सरकारी कॉलेज असेल तर बंधपत्राची सेवा. नीट-पीजीची तयारी एक-दोन वर्षं. मग रेसिडेन्सीची तीन. मुलगी बाहेर पडते तेव्हा तिशीला टेकलेली असते, आणि सुपरस्पेशालिटी करायची म्हटलं तर आणखी तीन वर्षं. इकडे आम्ही ओपीडीत तुम्हाला सांगतो की पस्तिशीनंतर गर्भ राहणं अवघड होत जातं, गर्भपाताचं प्रमाण वाढतं. बाळात डाऊन सिंड्रोम असण्याची शक्यता आईच्या पंचविशीत साधारण 1250 मध्ये एक, पस्तिशीत 350 मध्ये एक आणि चाळिशीत 100 मध्ये एक असते. हे तक्ते पाठ असलेली बाईच स्वतःचं मूल पुढे ढकलत असते. मला पहिलं मूल चौतिसाव्या वर्षी झालं. पेशंट विचारतात, "मॅडम, तुम्ही एवढा उशीर का केला?" मी विषय बदलते.

माझ्या रेसिडेन्सीत आमच्या युनिटच्या सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "तीन वर्षं गोड बातमी नको." सगळे हसले, आम्ही मुलीही हसलो. माझ्या बॅचच्या एकीने पाचव्या महिन्यापर्यंत ढगळ एप्रनखाली पोट लपवलं. कळल्यावर सरांपेक्षा आम्हीच जास्त चिडलो, कारण तिच्या नाइट ड्यूट्या आमच्यावर आल्या. तिच्याशी मी महिनाभर नीट बोलले नाही. त्याची लाज आजही वाटते.

सगळं दुखणं इथेच आहे, असं माझं मत आहे. ती रजेवर गेली की तिच्या जागी कोणी येत नाही. चौघांचं काम तिघांवर पडतं, आणि राग येतो तो माणूस न देणाऱ्या व्यवस्थेचा नाही, पोट आलेल्या मुलीचा. "मुलींना सीट देऊन उपयोग काय" हे वाक्य तिथेच जन्माला येतं. एमडीचा प्रवेश गुणांवर होतो, त्यामुळे तिथे कोणी काही विचारू शकत नाही. पण पुढे कराराच्या नोकरीच्या मुलाखतीत "लग्न झालंय का, प्लॅनिंग काय आहे" हे अगदी सहज विचारलं जातं. शेजारी बसलेल्या मुलाला हे कोणी विचारत नाही.

कायदा नाही असं नाही. मुंबई प्रांतात 1929 मध्येच कारखान्यातल्या बायकांसाठी प्रसूती लाभाचा कायदा झाला. आदल्या वर्षी विधिमंडळात त्या विधेयकाच्या बाजूने बोलताना डॉ. आंबेडकरांनी या खर्चाचा मोठा वाटा सरकारने उचलावा असं म्हटलं होतं. मूल हे फक्त त्या बाईचं काम नाही, हे त्यांना तेव्हा दिसलं होतं. पुढे 1961 चा केंद्रीय कायदा आला आणि 2017 च्या दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांसाठी 26 आठवड्यांची भरपगारी रजा झाली. (आपल्या गावात यंत्रमागाच्या कामावरच्या किती बायकांना ती मिळते, हा वेगळा आणि मोठा विषय आहे.) रेसिडेन्ट मात्र अर्धी विद्यार्थिनी, अर्धी नोकरदार. वैद्यकीय आयोगाच्या 2023 च्या नियमांत तिला सरकारी नियमांप्रमाणे प्रसूती रजा आहे, पण जादा रजेइतका कोर्स लांबतो. शिकायचं राहिलं ते भरून काढावं, हे मला मान्य आहे. त्यासाठी टोमणे खायची गरज नाही.

दिल्लीतल्या डॉ. कविता यादव पॅथॉलॉजीच्या सीनियर रेसिडेन्ट होत्या, करारावर. त्यांनी 1 जून 2017 पासून प्रसूती रजा मागितली. करार 11 जूनला संपत होता, म्हणून अकरा दिवसांचीच रजा मिळेल असं सांगण्यात आलं. न्यायाधिकरणात हरल्या, उच्च न्यायालयात हरल्या. शेवटी 17 ऑगस्ट 2023 ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की करार संपला तरी हा लाभ संपत नाही. निकाल येईपर्यंत ते मूल शाळेत जाण्याएवढं झालं असणार.

आता त्या मुलीचा प्रश्न. बाळाचे मुख्य अवयव शेवटच्या पाळीपासून मोजलं तर साधारण पाचव्या ते दहाव्या आठवड्यात घडतात. एक्स-रेपासून, सी-आर्म मशीनच्या किरणांपासून, केमोथेरपीच्या औषधांपासून सर्वांत जास्त जपायचं ते याच दिवसांत. आणि मुली बातमी लपवतात तीही याच दिवसांत, "तीन महिने होऊ देत" म्हणून. ऑपरेशन थिएटरमध्ये उभी असलेली मुलगी कोणाला काही न सांगता "मी जरा बाहेर थांबते" असं कितीदा म्हणेल? अमेरिकेत सर्जन स्त्रियांची एक पाहणी 2021 मध्ये प्रसिद्ध झाली. त्यातल्या 42 टक्के जणींनी निदान एक गर्भ गमावला होता, आणि शेवटच्या तिमाहीत आठवड्याला बारा तासांहून जास्त ऑपरेशनं करणाऱ्यांत गुंतागुंत अधिक दिसली.

म्हणून मी तिला म्हटलं, आजच सांग, आणि लेखी सांग. सी-आर्म चालू असेल त्या थिएटरची ड्यूटी बदलून माग, मिळेपर्यंत लेड एप्रन आणि गर्भासाठी वेगळा डोसिमीटर. भुलीचा वायू बाहेर खेचणारी यंत्रणा चालू आहे का ते बघ. हिपॅटायटिस बीची अँटीबॉडी तपास. फॉलिक ॲसिड तिने आधीच सुरू केलं होतं.

ज्यांची मुलगी किंवा सून पीजी करते आहे त्यांनाही सांगते. लग्नाच्या दुसऱ्या महिन्यात "कधी?" विचारू नका, आणि तिने रेसिडेन्सीतच ठरवलं तर "आत्ता कशाला?" असंही म्हणू नका. थांबायचं असेल तर तांबी आहे. काढल्यावर लगेच गर्भ राहू शकतो. अंतरा इंजेक्शन थांबवल्यावर मात्र काही महिने जावे लागतात, तेव्हा पुढच्या वर्षी मूल हवं असेल तर ते घेऊ नये. आणि वॉर्डात सात महिन्यांची डॉक्टर दिसली तर तिला बसायला खुर्ची द्या. पेशंट देतात, हे मी पाहिलं आहे.

मी सर्टिफिकेट लिहून दिलं. तिने ते दोनदा वाचलं, चार घड्या घालून पर्समध्ये ठेवलं आणि म्हणाली, "सोमवारी राऊंड झाल्यावर देते." दारापर्यंत गेली आणि परत येऊन विचारलं, "आठवडे लिहिलेत ना मॅडम, ते सात करता येतील का? मधले दोन आठवडे सांगितलं नाही म्हणून सर रागावतील."

मी नऊच ठेवले.