बेचाळीस फोटो, एक मोत्या

बँकेत असताना माझ्या टेबलासमोर बसून कर्जाची मर्यादा वाढवून मागणारे हळदीचे एक व्यापारी गेल्या दिवाळीच्या सुमारास घरी आले. या वेळी त्यांना कर्ज नको होते, कुत्र्याचे चित्र हवे होते. निवृत्तीनंतर मी रंगकाम करतो हे आता सांगलीत बऱ्याच जणांना ठाऊक झाले आहे. लोक आईवडिलांच्या तसबिरींसाठी येतात. मुक्या प्राण्याच्या तसबिरीसाठी कोणी येण्याची ही पहिलीच वेळ.

मोत्या तेरा वर्षे त्यांच्या पेढीवर होता. त्याला कोणी आणले नव्हते. एका पावसात आडोशाला आला आणि राहिला. श्रावणात तो गेला. तेव्हापासून त्यांच्या मातोश्री, ज्यांना सारे घर अक्का म्हणते, संध्याकाळी ताट पुढे घेऊन नुसत्याच बसून राहू लागल्या. सूर्यास्तापूर्वी अक्कांचे जेवण आणि त्याच वेळी उंबऱ्यापाशी मोत्याची भाकरी, असा तेरा वर्षांचा क्रम होता.

मी काम स्वीकारले, पण कागदावर. बारा बाय सोळा इंचांचा कॅनव्हास, निम्मी रक्कम आगाऊ, कोणत्या फोटोवरून बैठक घ्यायची ते आधी ठरवायचे, आणि दोन दुरुस्त्या विनामूल्य. ओळखीत पैसे कसले घ्यायचे, असे पत्नीचे म्हणणे पडले. माझा अनुभव निराळा आहे. फुकट दिलेल्या चित्रातील चूक लोक संकोचाने सांगत नाहीत, आणि न सांगितलेली चूक भिंतीवर कायम टांगली जाते.

दुसऱ्या दिवशी व्हॉट्सॲपवर बेचाळीस फोटो आले. उघडून पाहतो तो एकही धड नाही. व्हॉट्सॲप फोटो पाठवताना त्याचा आकार कमी करते व त्यात केसांचा बारकावा पुसला जातो, म्हणून मूळ फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पुन्हा मागवले. बारकावा आला, परंतु खोटेपणा गेला नाही. फोटो खोटे बोलतो, हे चित्र काढू लागेपर्यंत मला उमगले नव्हते. माणूस प्रेमाने फोन कुत्र्याच्या तोंडापाशी नेतो. एक-दीड फुटावरून घेतलेल्या अशा फोटोत नाक बटाट्याएवढे होते आणि कान मागे पळून जातात. उभ्याने वरून टिपला तर डोके मोठे, पाय काडीसारखे. अंधारात फ्लॅश मारला तर डोळ्यांच्या जागी दोन हिरवे दिवे. कुत्र्याच्या डोळ्यात पडद्यामागे प्रकाश परतवणारा एक थर असतो, त्याची ही करामत. तशात मोत्या काळा. चौकटीत काळे अधिक दिसले की फोन ते उजळवू पाहतो, त्यामुळे निम्म्या फोटोंत मोत्या राखाडी झालेला होता.

अशा वेळी मी जुन्या सवयीने ताळमेळ पत्रक मांडतो. एका फोटोवर सारा विश्वास टाकायचा नाही. प्रत्येकाकडून त्याला जे खरे ठाऊक आहे तेवढेच घ्यायचे. समोरच्या दुकानातून सात-आठ फुटांवरून काढलेला एक साधा फोटो होता, त्यावरून डोळे, नाक व कान यांतील अंतरे मोजून घेतली. डोळ्यांचा तपकिरी रंग सकाळच्या सावलीतील एका फोटोतून मिळाला. केस नाकापासून कपाळाकडे कसे वळत जातात, ते झोपेतल्या एका फोटोत दिसले.

मग कानाशी अडलो. जुन्या भांडणात मोत्याच्या कानाचे टोक फाटले होते. एका फोटोत फाटका कान डावा, दुसऱ्यात उजवा. मालकांना विचारले तर ते म्हणाले डावा, त्यांची कन्या म्हणाली उजवा, आणि दोघेही शपथेवर. शेवटी भिंगातून पाहिले तेव्हा दुसऱ्या फोटोत मागच्या कॅलेंडरावरील आकडे उलटे दिसले. तो नातीने काढलेला सेल्फी होता. काही फोन सेल्फी आरशातल्यासारखा उलटा साठवतात. नावेची बाजू जमेला गेली होती, एवढेच. कान डावा ठरला. या शोधाचा मला इतका आनंद झाला की पत्नीला स्वयंपाकघरातून बोलावून तो फोटो दाखवला.

अर्धे काम झाल्यावर मालक पाहून गेले आणि म्हणाले, “साहेब, तोंड जरा काळं करा की. म्हातारा दिसतोय.” मोत्याचे तोंड अखेरच्या तीन वर्षांत पांढरे झाले होते. गळ्यात एक चांदीचा पट्टाही घालावा, असे त्यांना वाटत होते.

ग्रामोफोनच्या तबकड्यांवरील कुत्रा आपल्यापैकी अनेकांनी लहानपणी पाहिला आहे. त्याचे नाव निपर. तो १८९५ साली मेला आणि फ्रान्सिस बॅरो या इंग्रज चित्रकाराने त्यानंतर तीन वर्षांनी त्याचे चित्र काढले. मूळ चित्रात कुत्र्यासमोर दंडगोलावर वाजणारा फोनोग्राफ होता. ग्रामोफोन कंपनीने १८९९ मध्ये चित्र घेताना आपले यंत्र त्यात घालण्याची अट घातली, आणि बॅरोने फोनोग्राफवर रंग चढवून तेथे ग्रामोफोन काढला. गिऱ्हाइकाने सांगितले म्हणून यंत्र बदलले. कुत्रा मात्र होता तसाच राहिला. मी मालकांना म्हणालो, मागची भिंत हवी त्या रंगाची करून देतो, पाठीमागे पोत्यांऐवजी बाग हवी तर बाग काढतो, परंतु तोंड आणि गळा यांबाबत अक्कांना विचारा. अक्कांनी निरोप पाठवला, की त्याने कधी पट्टा घातला नाही.

चित्र पुरे होण्याआधी अक्का स्वतः आल्या. चित्राकडे पाहण्याआधी त्यांनी टेबलावरचे ब्रश हातात घेतले आणि विचारले, “भाऊ, हे केस कशाचे?” सुदैवाने माझ्याकडे उत्तर होते. चित्रकारांचे जुन्या चालीचे उत्तम ब्रश डुकराच्या वा मुंगसाच्या केसांचे असतात. माझे नायलॉनचे आहेत. पण हे मला आधीपासून ठाऊक होते असे म्हटले तर ते खोटे होईल. आयव्हरी ब्लॅक या नावाने मिळणारा काळा रंग हाडे जाळून करतात, हे कळण्यापूर्वी त्याच्या दोन नळ्या मी वापरून संपवल्या होत्या. आता काळा रंग मी अल्ट्रामरीन निळा व बर्न्ट अंबर मिसळून घेतो. मोत्या सगळा त्याच मिश्रणाचा आहे, आणि काळ्या केसांवर पडणारी आभाळाची निळसर झाक त्याने अधिक चांगली येते, हा माझा फायदाच झाला. अक्कांनी ब्रश खाली ठेवले.

मग त्यांनी चित्र पाहिले. बराच वेळ पाहिले. कानावरून हवेतच बोट फिरवले. नंतर म्हणाल्या, “तोच आहे. पण पाय धुतलेत कुणी?”

मोत्याचे पुढचे दोन पाय पांढरे होते. पेढीतले बहुतेक फोटो बल्बच्या उजेडातले, सारेच पिवळट. ती झाक काढण्यासाठी मी फोटोतल्या चोपडीच्या कोऱ्या पानाचा आधार घेतला होता. पान पांढरे दिसेपर्यंत रंग दुरुस्त करत गेलो. पान पांढरे झाले, तरी पाय किंचित पिवळेच राहिले होते. ते मला दिसले होते. उजेडाचा उरलेला दोष समजून मी चित्रात तो हाताने काढून टाकला. तेरा वर्षे हळदीच्या पोत्यांवर झोपणाऱ्या कुत्र्याचे पाय कोणत्या रंगाचे असतील, हा प्रश्न मनात आलाच नाही. चौतीस वर्षे मी कनिष्ठांना सांगत आलो की फरक कितीही किरकोळ असो, त्याचे कारण सापडेपर्यंत तो उचंत खात्यात ठेवा, निर्लेखित करू नका. आणि इथे मी स्वतःच तो निर्लेखित करून मोकळा झालो होतो.

चूक माझी असल्याने ती दोन दुरुस्त्यांत धरली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पेढीवर जाऊन बसलो आणि पोती वाहणाऱ्या हमालांचे पाय तासभर पाहिले. हळद सगळीकडे सारखी बसत नाही. बोटांच्या बेचक्यांत व टाचेच्या कडांना गडद, वर नुसती धूळ. घरी येऊन यलो ऑकरमध्ये लिंबू पिवळा थोडासा मिसळला, भरपूर पाणी घातले आणि तीन पातळ थर दिले. प्रत्येक थर वाळू द्यावा लागला. या कामात घाई केली की पाय माखल्यासारखे दिसतात.

मालकांनी उरलेली रक्कम त्याच दिवशी दिली, पावती मागून घेतली. तोंड थोडे काळे चालले असते, असे त्यांना अजूनही वाटते. त्यांच्या मनात चित्र पेढीवर गादीच्या मागे लावायचे होते. ते आता घरी, अक्कांच्या जेवणाच्या जागेसमोर आहे, आणि जमिनीपासून फार उंच नाही.