औषधाला न जुमानणारा कॅन्सर आणि कार्बनचे कण

केमोथेरपीच्या पहिल्या दोन-तीन सायकलमध्ये गाठ आकसते, घरच्यांच्या जिवात जीव येतो. मग काही महिन्यांनी स्कॅनमध्ये गाठ पुन्हा वाढलेली दिसते. औषध तेच, मात्राही तीच. पण गाठ आता त्याला जुमानत नाही. डॉक्टर औषध बदलतात आणि कित्येकदा नव्या औषधालाही पेशी दाद देत नाहीत. वैद्यकशास्त्रात याला बहुऔषध-प्रतिरोध म्हणतात. उपचारासाठी कोल्हापूरहून पुण्या-मुंबईच्या फेऱ्या मारणाऱ्या अनेक कुटुंबांना हा शब्द माहीत नसेल. त्याचा अनुभव मात्र असतो.

या प्रतिरोधामागची एक यंत्रणा कॅनडातील रुडॉल्फ ज्युलियानो आणि व्हिक्टर लिंग यांनी १९७६ मध्ये दाखवून दिली. पेशीच्या आवरणात पी-ग्लायकोप्रोटीन नावाचे प्रथिन असते. पंचगंगेचे पाणी तळघरात शिरले की मोटर लावून ते उपसतात, तसे हे प्रथिन आत शिरलेले औषध बाहेर फेकते. डॉक्सोरुबिसिन, पॅक्लिटॅक्सेल, व्हिनक्रिस्टिन ही एकमेकांपासून वेगळी औषधे. पण हा पंप तिन्ही उपसतो. मग हा पंपच बंद पाडणारी औषधे शोधली गेली. प्रयोगशाळेत ती चालली, रुग्णांवरील चाचण्यांत मात्र बहुतेकांनी निराशा केली. कारण हाच पंप निरोगी आतडे, यकृत, मूत्रपिंड आणि मेंदूच्या रक्तवाहिन्यांतही असतो. तिथे तो विषारी द्रव्ये बाहेर काढण्याचे काम करतो.

इथे कार्बनच्या नॅनोकणांची कल्पना पुढे येते. पंप बंद पाडण्याऐवजी त्याला चकवायचे, असा हा विचार आहे. ग्राफिन ऑक्साइडचे पत्रे, कार्बन नॅनोट्यूब आणि कार्बन डॉट्स यांना वजनाच्या मानाने प्रचंड पृष्ठभाग असतो. डॉक्सोरुबिसिनचा रेणू चपट्या कड्यांचा असल्याने या पृष्ठभागाला सहज चिकटतो. सुटे औषध आवरणातून झिरपत आत येते आणि तिथेच पंपाच्या तावडीत सापडते. कणावर लादलेले औषध मात्र पेशी घासासारखे गिळते. ते आतल्या आम्लधर्मी कप्प्यात पोहोचते आणि तिथे कणापासून सुटते. २०१० मध्ये चिनी संशोधकांनी पी-ग्लायकोप्रोटीनला जाऊन चिकटणाऱ्या नॅनोट्यूबवर डॉक्सोरुबिसिन लादले आणि औषधाला सरावलेल्या रक्ताच्या कॅन्सरच्या पेशींवर त्याचा प्रभाव वाढतो, हे काचेच्या बशीत दाखवले.

पण बशीतील पेशी आणि माणसाचे शरीर यांत मोठे अंतर आहे. शिरेतून दिलेले नॅनोकण यकृत आणि प्लीहा आधी अडवून ठेवतात. दहा वर्षांच्या प्रयोगांचा एक आढावा २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. सर्व प्रकारच्या नॅनोकणांचा त्यात विचार होता आणि गाठीपर्यंत पोहोचणाऱ्या मात्रेचे मध्यमान निघाले अवघे ०.७ टक्के. लांब, ताठ नॅनोट्यूब उंदरांच्या पोटात ॲस्बेस्टॉससारखी इजा करतात, हे २००८ मध्येच दिसले होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१४ मध्ये एका प्रकारच्या नॅनोट्यूबला 'मानवात कर्करोगास कारणीभूत ठरण्याची शक्यता' या गटात टाकले. शिवाय पंप हे प्रतिरोधाचे एकच कारण आहे. काही पेशी आपला डीएनए दुरुस्त करतात, काही मरणाचा संकेतच पाळत नाहीत. चरबीच्या सूक्ष्म पुटकुळीत भरलेल्या डॉक्सोरुबिसिनला अमेरिकेत १९९५ मध्येच मान्यता मिळाली. नॅनोट्यूब किंवा ग्राफिनवर लादलेले केमोचे औषध अजून रुग्णाच्या सलाइनपर्यंत आलेले नाही.

कोल्हापूरला हा विषय परका नाही. शिवाजी विद्यापीठात नॅनोविज्ञानाचा स्वतंत्र विभाग आहे आणि नवे पदार्थ बनवण्यात इथल्या प्रयोगशाळांचा हात बसलेला आहे. कार्बन डॉट्स तर उसाच्या चिपाडापासूनही बनवता येतात, हे भारतीय संशोधकांनी दाखवले आहे आणि चिपाडाला या जिल्ह्यात तोटा नाही. त्यामुळे कण बनवणे ही इथली अडचण नाही. बनवलेल्या कणाला कोणते प्रश्न विचारायचे, हा मुद्दा आहे. तो औषधाला सरावलेल्या पेशींवर चालतो का? रक्तातील प्रथिने चिकटल्यावरही तो गाठीपर्यंत जातो का? काम झाल्यावर शरीराबाहेर पडतो का, की यकृतात साचतो?

'आधी पदार्थ तर बनू दे, विषारीपणा नंतर पाहू' असा युक्तिवाद केला जातो. मूलभूत संशोधनाला मोकळीक हवीच, हे मान्य. पण कणाची लांबी आणि त्यावरचा लेप यांवरच त्याचा विषारीपणा बराचसा ठरत असेल, तर ती तपासणी पहिल्या दिवसापासून व्हायला हवी. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने २०१९ मध्ये नॅनोऔषधांच्या मूल्यमापनाची मार्गदर्शक तत्त्वे दिली आहेत. संशोधनाला निधी देताना शोधनिबंधांच्या संख्येइतकेच वजन या कसोट्यांना मिळाले पाहिजे.

आणि हे काम एकट्या रसायनशास्त्रज्ञाचे नाही. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या सहकार्यातून आलेल्या नेक्सकार१९ या पेशी-उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये भारतात मंजुरी मिळाली. तंत्र वेगळे आहे, पण धडा सरळ आहे: प्रयोगशाळा आणि कॅन्सरचे रुग्णालय सुरुवातीपासून एकत्र बसले, तर संशोधन रुग्णापर्यंत पोहोचू शकते. कोल्हापुरातही विद्यापीठ, वैद्यकीय महाविद्यालय आणि कॅन्सरतज्ज्ञ यांनी रुग्णांच्या रीतसर संमतीने गाठींचे नमुने एकत्र अभ्यासावेत. केमो थकलेल्या गाठीत नेमका कोणता प्रतिरोध आहे, हे कळल्याशिवाय त्यावरचा कण घडवता येणार नाही.

तोवर 'नॅनोकणांनी कॅन्सर बरा' अशी बातमी वाचून कुणी चालू उपचार सोडू नये. अशी बातमी दिसली की आधी एकच विचारावे: हे बशीत झाले, उंदरात की माणसात?