पैसे अडकले तर जायचं कुणाकडे?

सर्व बँकांच्या अध्यक्षांना व व्यवस्थापकीय संचालकांना,

ग्रामीण ग्राहक डिजिटल व्यवहारांत मागे का, असं विचारलं की आपल्याकडून ठरलेलं उत्तर येतं : लोकांमध्ये डिजिटल साक्षरता नाही. म्हणजे दोष ग्राहकाचा. आम्हाला हे मान्य नाही.

आठवडी बाजारात मेथीच्या जुड्या विकणाऱ्या बाईला मोबाईलवरचा मजकूर वाचता येत नसेल, तरी ती क्यूआर कोड बिनधास्त पुढे करते. कारण शेजारी ठेवलेला साउंडबॉक्स वीस रुपये मिळाल्याचं मराठीत मोठ्याने सांगतो. तिची खात्री तिथल्या तिथे पटते.

तीच बाई लाडकी बहीण योजनेचे दीड हजार काढायला, गावात बँकेच्या वतीने व्यवहार करून देणाऱ्या बँक मित्राकडे जाते. खुरपणीने, कांदालागवडीने बोटं झिजलेली. अंगठा पदराला पुसून पुन्हा पुन्हा मशीनवर टेकवावा लागतो. शेवटी पडद्यावर व्यवहार फसल्याचं येतं आणि मोबाईलवर खात्यातून पैसे गेल्याचा इंग्रजी मेसेज. बँक मित्र म्हणतो, शाखेत जा. शाखेत सांगतात, लिंक फेल आहे, उद्या या. बायकांना एसटीचं तिकीट अर्धं असलं तरी दिवसाची मजुरी पूर्ण बुडते. असा अनुभव एकीला आला की आळीतल्या दहाजणी पासबुक घेऊन पुन्हा शाखेच्या रांगेत उभ्या राहतात. त्यांचं काय चुकलं?

नियम नाहीत असं नाही. असे आधार आणि अंगठ्यावरून पैसे काढताना रक्कम खात्यातून वजा झाली, पण केंद्रावर व्यवहार पूर्ण झाल्याचं आलं नाही, तर ती पाच दिवसांत परत जमा व्हावी. उशीर झाल्यास दररोज 100 रुपये भरपाई द्यावी, तीही ग्राहकाच्या तक्रारीची वाट न पाहता. रिझर्व्ह बँकेने हे सप्टेंबर 2019 मध्येच बजावलं. जुलै 2017 च्या परिपत्रकानुसार, त्रयस्थाने केलेल्या ज्या फसवणुकीत बँकेचीही चूक नाही आणि ग्राहकाचीही नाही, ती मेसेज आल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत कळवली तर ग्राहकाला तोशीस लागत नाही. ग्राहकाची चूक होती हे सिद्ध करायची जबाबदारीही बँकेचीच. पण हे नियम मराठीत लिहिलेला फलक किती बँक मित्रांच्या दुकानात लावला आहे?

2014 पासून जनधन योजनेत 50 कोटींहून अधिक खाती उघडली गेली. साध्या फोनवरून यूपीआय करायची सोय 2022 मध्ये आली. दारं भरपूर उघडली. आत गेल्यावर अडचण आली तर दाद घ्यायला माणूस मात्र नाही.

आमच्या मागण्या मोजक्या आहेत. खात्याचे मेसेज मराठीत पाठवा आणि वाचता न येणाऱ्यांना फोनवर ऐकवा. फसलेल्या व्यवहाराचीही छापील पावती द्या. प्रत्येक शाखेत अडकलेल्या पैशांची तक्रार घेणारा एक कर्मचारी नेमा, त्याचं नाव दारावर लावा. आणि 100 रुपयांची भरपाई कुणी मागण्याआधी खात्यात जमा करा.

साक्षरतेचे मेळावे खुशाल घ्या, पण आधी स्वतःला लागू असलेले नियम पाळा. ग्राहक आपोआप येतील.

आपला,
एक खातेदार