पाहुणा दारात, पसारा घरात

धर्मग्रामातील कुटुंबांना भेटी देताना एक वाक्य माझ्या कानावर इतक्या वेळा पडले आहे की मोटारसायकल उभी करतानाच ते ऐकू येऊ लागते. "फादर, जरा थांबा हं, घर फार पसरले आहे." मग आत धावपळ सुरू होते. दोरीवरचे कपडे एका बोचक्यात आणि ते बोचके खाटेखाली. उष्टी भांडी मोरीत. एखाद्या पोराच्या पाठीत धपाटा, कारण पसारा त्याचाच असतो असे मानण्याची रीत आहे. तोवर मी अंगणात निंबाखाली उभा राहून म्हशीची विचारपूस करीत असतो. पाच मिनिटांनी आत बोलावणे येते, धुतलेली चादर खाटेवर पसरलेली असते आणि घरची बाई घामाघूम झालेली असते. तिच्याशी धड दोन शब्द बोलावेत तर ती चहाच्या मागे लागलेली.

यात हसण्यासारखे आहे, तसे न हसण्यासारखेही आहे. मी दुसऱ्या धर्मग्रामात असताना तिथल्या एक आजीबाई अंथरुणाला खिळल्या होत्या. गव्हाची काढणी चालू होती. घरात पोती, ओसरीवर पोती, चुलीपाशी मजुरांची भांडी. आजीबाईंनी दोनदा सांगितले की फादरांना बोलवा, मला रुग्णाभ्यंग घ्यायचा आहे. सून म्हणाली, "उद्या घर आवरते, सारवून घेते, मग बोलावू." तो 'उद्या' तीन दिवस लांबला. चौथ्या दिवशी पहाटे निरोप आला तो आजीबाई गेल्याचा. सून मला म्हणाली, "अशा घरात तुम्हाला कसे बोलावणार होतो, फादर?" मी तिला काहीच बोललो नाही. काय बोलणार? दोष तिचा एकटीचा नव्हता. आम्ही धर्मगुरू घरोघरी जाऊन धुतलेल्या चादरीवर बसत आलो आणि ही चादर कशाला, असे आम्ही कधी विचारले नाही.

आपला प्रभू पेत्राच्या घरी गेला तेव्हा पेत्राची सासू तापाने पडली होती. ज्या घरातली कर्ती बाई तापाने पडली आहे ते घर कसे असते हे बायकांना मी सांगायला नको. जक्कयाला तर झाडावरून खाली उतरायला लावून प्रभू त्याच दिवशी त्याच्याकडे गेला. घर आवरायला त्याला वेळ मिळाला असेल असे वाटत नाही. घर पसरलेले आहे म्हणून दार लावून घेणे ही पाहुण्याची सेवा नव्हे. त्यात आपलीच लाज आपण सांभाळत असतो.

मग घर आवरूच नये काय? तसे मुळीच नाही. आपले इंदूर शहर २०१७ साली देशातील स्वच्छ शहरांत पहिले आले आणि पुढेही वर्षानुवर्षे त्याने तो मान सोडला नाही. याचा आपल्याला अभिमान आहेच. पण याच शहरातली एक जुनी हकिगत मला त्याहून अधिक शिकवणारी वाटते.

पॅट्रिक गेडीस नावाचा एक स्कॉटिश नगररचनाकार होळकर दरबाराच्या बोलावण्यावरून इंदुरास आला होता. त्याने दरबाराला दिलेला अहवाल १९१८ सालचा आहे. त्या काळात शहरात प्लेग होता. प्लेग उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरतो, आणि उंदीर जगतात ते घरातल्या धान्यावर व अडगळीत. गेडीसने काय केले? दिवाळीच्या सुमारास मोठी मिरवणूक काढायचे ठरविले, परंतु तिचा मार्ग मात्र जाहीर केला नाही. ज्या रस्त्यावरची घरे सर्वांत अधिक झाडलेली आणि डागडुजी केलेली असतील, त्या रस्त्याने मिरवणूक जाईल, एवढेच सांगितले. झाले! गल्लोगल्ली चढाओढ लागली आणि वर्षानुवर्षांचा कचरा गाड्या भरभरून बाहेर निघाला. मिरवणुकीत झाडूवाले स्वच्छ कपडे घालून मानाने चालले, आणि प्लेगच्या भल्यामोठ्या उंदराची प्रतिमा शेवटी जाळण्यात आली.

गेडीसने माणसाचा स्वभाव बरोबर ओळखला होता. स्वतःसाठी आपण जे उचलत नाही, ते कोणी येणार म्हटले की उचलतो. पाहुण्याचा हा मोठाच उपकार आहे. परंतु त्या वेळी लोकांना कचरा घराबाहेर काढावा लागला. तो खाटेखाली ढकलून भागले नसते, कारण उंदीर चादर बघून परत जात नाही.

आपल्या शेतकरी घरांत नेमके इथेच चुकते. एकदा मी बसलो होतो त्या खाटेखालून घरातल्या लहानग्याने खेळता खेळता एक बाटली बाहेर काढली. बाटली थंड पेयाची आणि आत सोयाबीनवर फवारून उरलेले औषध. मी येणार म्हणून कोनाड्यातली ती बाटली घाईघाईने खाली सरकवली होती. म्हणजे माझ्यासाठी घर आवरले आणि ते आवरल्यामुळे विष मुलाच्या हाताशी आले. त्या दिवशीचा चहा माझ्या घशाखाली उतरला नाही. उरलेले औषध दुसऱ्या बाटलीत कधीही ओतू नये. मूळ डब्यात, मूळ चिठ्ठीसह, राहत्या घराबाहेर कुलपात ठेवावे.

दुसरी गोष्ट याहून वाईट, कारण ती डोळ्यांना दिसतच नाही. पाहुणे अधिक आले की आपण त्यांची पथारी कोठीच्या खोलीत टाकतो. तीच खोली त्यातल्या त्यात नीटनेटकी. पोत्यांची थप्पी सरळ, जमीन झाडलेली. पण त्या गव्हात किडीसाठी गोळ्या ठेवलेल्या असल्या तर? ज्यांना आपल्याकडे सल्फास म्हणतात त्या गोळ्या अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या असतात. हवेतला दमटपणा लागला की त्यांतून विषारी वायू सुटतो. झोपलेल्या माणसाला त्याचा पत्ता लागेलच असे नाही, आणि या विषावर उतारा नाही. ज्या घरात माणसे झोपतात तिथे या गोळ्या नकोतच. पाहुण्यांना ओसरीवर झोपवा, गच्चीवर झोपवा, शेजाऱ्याकडे पाठवा, पण अशा धान्याजवळ झोपवू नका. लग्नसराई म्हणजे नव्या गव्हाचाच हंगाम, म्हणून हे आवर्जून लिहितो.

जमिनीवर अंथरूण असले तर भिंतीलगतची अडगळही बघावी. जिथे दाणे तिथे उंदीर, आणि उंदरामागे साप. मण्यार रात्रीच निघते आणि झोपलेल्याला चावते. पुष्कळदा चावल्याचे कळतही नाही. संशय आला तरी भगताकडे न जाता थेट दवाखाना गाठावा.

घरातला कचरा काढून टाकायचा कुठे, हा प्रश्न निदान इंदूरच्या शेतकऱ्याला तरी पडू नये. १९२४ ते १९३१ या काळात आल्बर्ट हॉवर्ड इथल्या शेती संशोधन संस्थेचे संचालक होते. तिथे त्यांनी यशवंत वाड यांच्या साहाय्याने काडीकचऱ्यापासून खत करण्याची पद्धत बसवली. दोघांचे पुस्तक १९३१ साली निघाले आणि 'इंदूर पद्धत' हे नाव जगभर गेले. आपण मात्र सोयाबीनचे कुटार शेताच्या बांधावर जाळतो! पद्धत अवघड नाही. दोन-तीन फूट खोल खड्ड्यात काडीकचऱ्याचा थर, त्यावर शेण, गोठ्यातली मूत मुरलेली माती आणि थोडी चुलीची राख, असे थरावर थर द्यायचे. ओल राखायची आणि तीन वेळा खालीवर करायचे. सुमारे तीन महिन्यांत खत तयार होते. प्लॅस्टिक आणि औषधांचे डबे त्यात टाकू नयेत.

आता जरा पुरुषमंडळींकडे वळतो. पाहुण्यासमोर घर पसरलेले दिसले की नाव बाईचे खराब होते. पण त्या पसाऱ्यात एकदा डोळे उघडून बघा. फवारणीचा पंप, बियाण्याची अर्धी पोती, पाइपाचे तुकडे, जळालेली मोटार, 'कधीतरी कामाला येईल' म्हणून ठेवलेली ट्रॅक्टरची ट्यूब. यातले बाईचे काय आहे? तिची तर दोन लुगडी आणि भांडी. ती दिवसातून दोनदा झाडते आणि तुम्ही दिवसातून चारदा आणून टाकता. मार्थेला प्रभूने प्रेमाने समजावले हे खरे, पण तिथे तिचा भाऊ लाझारस पाणी आणायला उठला असता तर तिलाही घटकाभर बसायला मिळाले असते, असे मला नेहमी वाटते. गोठ्याच्या बाजूला चार पत्रे टाकून एक खोपटी उभी करायला दोन दिवस लागतात.

उलट टोकाची घरेही मी पाहिली आहेत. कोचावर प्लॅस्टिकचे आवरण, काचेच्या कपाटात न वापरलेल्या कपबश्या, आणि मुलांनी हात लावला की आईच्या कपाळाला आठी. तिथे पाहुणा कोचाच्या कडेवर बसतो आणि एस.टी.ची वेळ झाली म्हणून उठतो. गावाकडच्या आजीला तिथे रात्री झोप लागत नाही. असे घर स्वच्छ असते, पण तिथे मुक्कामाला राहावेसे वाटत नाही.

पास्काच्या सणानंतर मी घरे आशीर्वादित करायला निघणार आहे. या वर्षी आधी निरोप पाठवणार नाही आणि मुलांना पुढे पळवू नये अशी विनंती आहे. चादर नको, गव्हाच्या पोत्यावर बसेन. घरात कोणी आजारी असेल तर पास्काची वाट न बघता रात्री-अपरात्री केव्हाही बोलवा. सारवण राहू द्या. प्रत्येक घरी प्रार्थना झाल्यावर मी एकच गोष्ट दाखवायला सांगणार आहे: फवारणीचे औषध आणि गव्हाच्या गोळ्या कुठे ठेवता ती जागा.