तूर्तातूर्त

लोक बाजारातून भाजी आणतात, सासुरवाडीहून आंबे आणतात. आमच्या शेजारच्या अण्णांनी एका सोमवारी कोर्टातून 'स्टे' आणला. शब्द त्यांचा. वास्तविक स्टे म्हणजे स्थगिती. ती एखाद्या निकालाला नाहीतर कारवाईला मिळते. माणसाला "हे करू नकोस" असे कोर्ट बजावते, तो मनाई हुकूम. पण 'स्टे आणला' म्हणताना छाती जी दोन इंच फुगते, ती 'मनाई'ने फुगत नाही.

वाद गच्चीचा. इमारत चौघांची, गच्ची सामाईक, आणि गळायची ती नेमकी आमच्या स्वयंपाकघरात. आम्ही तिघे दुरुस्तीला तयार झालो. अण्णांच्या गच्चीवर कुंड्या, सबब गच्ची अण्णांच्या ताब्यात! दावा दाखल झाला, सोबत तूर्तातूर्त मनाईचा अर्ज, ज्याला आपल्याकडे वकीलमंडळी लाडाने 'निशाणी ५' म्हणतात. आम्हाला न विचारताच हुकूम झाला : परिस्थिती जैसे थे ठेवावी.

गळतीही जैसे थे. पाऊस काही दाव्यात पक्षकार नव्हता, त्यामुळे त्याला मनाई लागू नाही.

कायदा वाईट नाही हो, हेच तर दुखणे आहे. दिवाणी प्रक्रिया संहिता १९०८ ची, त्यातली ही ऑर्डर ३९. प्रथमदर्शनी तथ्य आहे का, गैरसोय कुणाची जास्त, आणि नुकसान पैशाने भरून न येणारे आहे का, एवढे कोर्ट बघते. उद्या कुणी तुमची भिंत पाडणार असेल, तर त्याला नोटीस पोचेपर्यंत भिंत उरायची नाही. म्हणून एकतर्फी हुकमाची सोय. रास्त आहे. असा हुकूम दिल्यावर अर्ज ३० दिवसांत निकाली काढण्याचा प्रयत्न करावा, न जमल्यास कारणे लिहावीत, असा नियमही १९७६ च्या दुरुस्तीने घातला. 'प्रयत्न करावा'! आमच्या प्रगतिपुस्तकात हा शेरा ज्याला मिळे, तो त्या वर्षी हमखास नापास होई.

तीन पावसाळे झाले. अण्णांचे वकील कधी आजारी, कधी परगावी, कधी कागद घरी राहिलेला. ज्याच्या खिशात हुकूम आहे, त्याला निकालाची घाई कशाला? दावा तो हरेलही, पण तोवर तात्पुरत्यावरच पोटभर जेवतो. अपुऱ्या कारणावर मनाई मिळवली तर कलम ९५ खाली भरपाई आहे म्हणतात. तीही ५०,००० रुपयांपर्यंत, आणि सगळे संपल्यावर.

आमच्या बँकेत सस्पेन्स खाते असते. जिचे काय करावे ते कळेना, ती नोंद तिथे ढकलायची. पण तिथे ऑडिटर येऊन दरडावतो, "ही किती दिवस पडली आहे?" निशाणी ५ ला असा कुणी विचारत नाही. माझे म्हणणे एवढेच, की ३० दिवसांनंतर ज्याला पुढची तारीख हवी, त्याने आधी खालच्या माणसाच्या नुकसानीचे पैसे कोर्टात भरावेत आणि मग खुशाल आजारी पडावे.

"आधीच कॅव्हेट का नाही टाकलीस?" आमचे हेडकॅशियर म्हणाले. टाकली असती तर आम्हाला विचारल्याशिवाय हुकूम झाला नसता, कबूल. पण कॅव्हेट ९० दिवसांत मरते. दर तीन महिन्यांनी शेजाऱ्याविरुद्ध कॅव्हेट टाकायची, तर त्याच्याकडे दिवाळीचा फराळ कुठल्या तोंडाने पाठवायचा?

परवा पातेले बदलताना सौ. म्हणाली, "अहो, रात्रीतून उरकून टाका ना ते काम."

"हुकूम मोडला तर मालमत्तेवर जप्ती येते. शिवाय दिवाणी तुरुंग, तीन महिन्यांपर्यंत."

"तीन महिने?" ती वर बघत म्हणाली, "म्हणजे तुमचा तरी पावसाळा कोरड्यात जाईल."