ट्रॉली तिथंच सोडणाऱ्यांना

मागच्या रमजानमधली गोष्ट. नांदेडला बहिणीकडे इफ्तारला जायचं होतं आणि ईदचं सामान राहिलं होतं, म्हणून असरनंतर एका मोठ्या सुपरमार्केटमध्ये घुसलो. शेवया, खजूर, तेल, मुलांचा खाऊ. सामान गाडीत भरलं, ट्रॉली तिथंच ढकलली आणि गाडी काढली. आरशात दिसलं, ती घरंगळत जाऊन बरोबर रॅम्पच्या तोंडाशी आडवी झाली होती. कुबड्या घेतलेले एक गृहस्थ आणि त्यांची शाळकरी मुलगी तिच्यापुढे थांबले होते. मुलगी ट्रॉली ओढायला लागली. मी उतरलो नाही. अजानला दहा मिनिटं होती.

दिवसभर पाण्याचा थेंब न घेतलेला माणूस वीस पावलं चालू शकला नाही. त्या रात्री तरावीहमध्येही तेच डोक्यात.

दोस्तांना सांगितलं तर एकानं लगेच सुटका केली: "अरे, त्याच्यासाठी पोरं ठेवलीत ना! पगार कशाचा घेतात?"

माझं भांडण या उत्तराशी आहे, कारण ते मीही कित्येकदा दिलंय. ती पोरं कोण आहेत ते एकदा नीट पाहा. आपल्याच मोहल्ल्यातली किंवा शेजारच्या वस्तीतली, कंत्राटावरची. मे महिन्यात, आपण एसी लावल्याशिवाय गाडीत बसत नाही तेव्हा, ती त्याच डांबरावर असतात. त्यातल्या एकानं मला हिशेब सांगितला: "स्टँड में लगाए तो एक फेरे में पंधरा जाते भैया. इधर-उधर छोडे तो पंधरा के पंधरा फेरे."

इंजिनीअर म्हणून मला हे आधीच कळायला हवं होतं. १९३७ साली ओक्लाहोमा सिटीतल्या सिल्व्हन गोल्डमन नावाच्या दुकानदारानं ट्रॉली आणली, ती घडीच्या खुर्चीवरून सुचलेली होती. एकात एक शिरणारी ट्रॉली ऑर्ला वॉटसननं १९४६ मध्ये काढली. मागची जाळी बिजागरीवर वर उचलली जाते, पुढची ट्रॉली आत शिरते. सगळी अक्कल त्या एका जाळीत आहे, पण ट्रॉली रिकामी असेल आणि एकाच तोंडानं लावली असेल तरच. आत पुठ्ठ्याचं खोकं टाकून ती आडवी सोडली की वॉटसनची अक्कल संपली, त्या पोराचे पाय उरले. पगार आहे तो रांग दारापर्यंत नेण्याचा. आपला आळस गोळा करण्याचा नाही.

"मग युरोपासारखं करा," असंही कुणी म्हणेल. तिकडे बऱ्याच दुकानांत ट्रॉलीला कुलूप असतं. एक युरोचं नाणं घातलं की सुटते, परत लावली की नाणं हातात. माझा एक सहकारी कंपनीच्या कामासाठी जर्मनीत राहून आला. तिथे पावसात भिजत ट्रॉली लावायचा. इकडे दोन गाड्यांच्या मधे सोडून जातो. म्हणजे त्याच्या सभ्यतेची किंमत शंभर रुपयांच्या आसपास! असली कुलपं बनवणं हा माझाच धंदा आहे. वापरणारा चुकीचंच वागेल असं धरून आम्ही कोड लिहितो. पण माझ्या बहिणीबद्दल, भाच्याबद्दल कुणी असं धरून चालावं, हे मला सोसत नाही.

आणखी एक उत्तर आपल्या बैठकांत ऐकू येतं. नीट वागा, लोक बघतात, कौमचं नाव खराब होतं. हे तर मला पहिल्यापेक्षा जास्त खटकतं. ट्रॉली सोडून जाण्याचा मक्ता कुठल्या एका धर्माकडे नाही. टोपी किंवा बुरखा असला की तेवढंच लोकांच्या लक्षात राहतं, हा अन्याय आहे आणि त्यावर वेगळं भांडू. पण बघणाऱ्यांसाठी ट्रॉली जागेवर लावणारा, बेसमेंटमध्ये कुणी नसताना ती लावणार नाही. आपल्याकडे याला हुकूकुल इबाद म्हणतात, बंद्यांचे हक्क. त्यात अडकलेला हक्क ज्याचा त्यानंच माफ करायचा असतो. रॅम्पवरच्या त्या गृहस्थांचं मला नावही माहीत नाही.

बेरोजगारी, बंद पडलेल्या शिष्यवृत्त्या सोडून हा ट्रॉलीवर काय लिहितो? लिहितो, कारण ती मोठी कामं मागायला आपण ज्यांच्याकडे जाणार, ते लोक आणि हे लोक वेगळे नाहीत.

आम्ही लातूरचे. २०१६ चा उन्हाळा ज्यानं पाहिला त्याला हे समजावून सांगावं लागू नये. मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी, १४४ कलम. १२ एप्रिलला मिरजेहून रेल्वेनं पाच लाख लिटर पाणी आलं, तर लोक स्टेशनवर बघायला गेले. टँकर आला की गल्लीत घागरी, कॅन, रंगाचे रिकामे डबे रांगेत. पाइप एकच. आपली घागर भरली की पाइप खाली टाकायचा नाही, पुढच्याच्या हातात द्यायचा. टाकला तर पाणी मातीत. कुणी पाटी लावली नव्हती. टाकणाऱ्याला गल्लीतल्या म्हाताऱ्या अशा शिव्या घालायच्या की बस्स! तेव्हा काम आपली घागर भरल्यावर संपत नव्हतं, पाइप दुसऱ्याच्या हातात गेल्यावर संपत होतं.

आज त्याच गल्लीतले आम्ही बिलाच्या रांगेत अर्धी भरलेली ट्रॉली उभी करून जागा धरतो आणि घरातले चौघे अजून साबण निवडत असतात. दुधाची पिशवी नको झाली की बिस्किटांच्या फळीवर ठेवून देतो, ती तिथेच नासते. अम्मी हे बघते आणि काही बोलत नाही, गुडघे दुखत असताना ती पिशवी फ्रिजपर्यंत नेऊन ठेवते. मी मागे बिल भरत असतो.

या शुक्रवारी नांदेडला जायचंय. जुम्यानंतर त्याच रॅम्पजवळ थोडा वेळ थांबणार आहे. ते गृहस्थ येतीलच असं नाही.