माफी येईल तेव्हा येईल, मार्च तर दारात आला



तुरीची मळणी आटोपली, कापसाची उलंगवाडी होत आली. दोन पैसे हातात आहेत. आणि पानठेल्यावर एकच गोष्ट सुरू आहे, "पीक कर्ज भरू नका, ३० जूनपर्यंत माफी होऊन राहिली."

आधीच सांगतो, कर्जमाफीच्या मागणीला माझा विरोध नाही. २८ ऑक्टोबर २०२५ ला वर्धा रोड अडवला तेव्हा मीही एक रात्र डांबरावर काढली. २०२५ च्या खरिपात सोयाबीनचा हमीभाव ५,३२८ होता आणि बाजारात त्याच्या खाली मागणी. कापूस घरात यायच्या आधीच ऑगस्टमध्ये बाहेरच्या कापसावरचा ११ टक्के कर सरकारनं काढला. आमच्या तोट्यात सरकारचा हात आहे, तर कर्जातही त्यानं हात घालावा. ही लढाई लढूच.

पण "भरू नका" हा सल्ला खोटा आहे. तो देणारा उद्या तुमच्या वावरात बियाण्याची थैली घेऊन येणार नाही.

जरा मागच्या माफीच्या तारखा पाहा. २००८ ची माफी २९ फेब्रुवारीच्या बजेटात जाहीर झाली. थकबाकी धरली ३१ डिसेंबर २००७ ची. २०१७ ची २४ जूनला जाहीर झाली. थकबाकी धरली ३० जून २०१६ ची, म्हणजे वर्षभर मागची. २०१९ ची २१ डिसेंबरला जाहीर झाली, थकबाकी ३० सप्टेंबरची. तिन्ही वेळा तारीख मागची. माफीची बातमी ऐकून ज्यानं भरणं थांबवलं, तो तिन्ही वेळा यादीच्या बाहेर. 

हे मला पुस्तकातून नाही, अंगावरून समजलं. २०१६ च्या खरिपाला मी ८० हजार पीक कर्ज उचललं. मार्च २०१७ ला कापसाचा चुकारा हातात होता. सगळे म्हणाले, थांब. मी थांबलो. आणि त्या पैशातून फायनान्सवर मोटारसायकल घेतली, कारण पैसा खिशात असला की गरज आपोआप तयार होते. जूनमध्ये माफी आली, माझं नाव नाही. थकबाकीदार म्हणून नवीन कर्ज नाही. मिरग तोंडावर. मग एका माणसाकडून ६० हजार घेतले, शेकडा तीन रुपये महिन्यानं. आठ महिन्यांचं व्याजच १४,४०० झालं. त्या वर्षी पऱ्हाटीवर गुलाबी बोंडअळी आली. २०१८ ला बैलजोडी विकून सगळं निल केलं. त्यामुळं २०१९ च्या यादीतही मी नव्हतो. लोक हसले. मोटारसायकल अजून आहे, बैलं नाहीत.

कोणी म्हणेल, जो २०१९ पर्यंत थकूनच राहिला त्याला दोन लाखांपर्यंत माफी भेटली की. भेटली, खरं आहे. पण मधले हंगाम त्यानं कोणाच्या पैशावर काढले, तेही त्याला विचारा.

आता आपला हिशेब. तीन लाखांपर्यंतचं पीक कर्ज मुदतीत भरलं तर केंद्राची सवलत आणि राज्याची पंजाबराव देशमुख योजना मिळून व्याज शून्य. एवढा स्वस्त पैसा शेतकऱ्याला दुसरा कुठंच नाही. मुदत हुकली की दोन्ही सवलती जातात आणि सात टक्क्यांच्या वर मीटर सुरू होतो. नवं-जुनं होत नाही. मग कृषी केंद्राची उधारी, त्यात नगदीचा भाव वेगळा अन् उधारीचा वेगळा. म्हणजे फुकटाचं कर्ज थकवून आपण महागाचं घेतो. याला हुशारी म्हणायचं का?

आणि सिबिल. पीक कर्जाला सिबिल मागू नका असं मुख्यमंत्र्यांनी बँकांना बजावलंय. पण पोराच्या शिक्षणाचं कर्ज, घराचं कर्ज, ट्रॅक्टरचं कर्ज यांना सिबिल लागतंच. तिथं तुमचं थकलेलं खातं दिसतं. तडजोड करून मिटवलेलं खातंही "सेटल" म्हणून दिसतं, पूर्ण फेडलेलं म्हणून नाही. जामीन राहिलेल्या माणसाचं कर्जही आपल्या नावावर दिसतं. वर्षातून एकदा हा अहवाल फुकट भेटतो. काढून पाहा.

सरकारलाही सोडत नाही. ही सवय त्यानंच लावली. २०२० मध्ये नियमित भरणाऱ्याला ५० हजारांपर्यंत प्रोत्साहन देऊ म्हणाले, पैसे पडायला २०२२ ची दिवाळी उजाडली. तोवर नियमित भरणारा गावात येडा ठरला. पण सरकार चुकलं म्हणून आपण आपल्या पायावर कुऱ्हाड मारायची का?

शहरातले लोक म्हणतात, शेतकरी उधळपट्टीनं बुडतो. हे मला मान्य नाही. भाव आणि पाऊस आपल्या हातात नाही. पण जेवढं हातात आहे तेवढं तरी धरू. माझ्या वहीतलं सांगतो.

चुकारा आला की पहिले पीक कर्ज, मग उधारी, मग घर. उलटं नाही.

सोयाबीनचं बियाणं घरचं. शंभर दाणे ओल्या पोत्यात गुंडाळून ठेवा. सत्तर उगवले तर पेरा. दरवर्षी थैली विकत घ्यायची गरज नाही.

पाच एकरासाठी ट्रॅक्टर नको, भाड्यानं लावा. हप्ता दुष्काळातही येतो, भाडं काम असलं तरच लागतं.

मोबाईलवर पाच मिनिटांत कर्ज देणाऱ्यापासून दूर राहा.

लग्न ऐपतीत. आपल्याच विदर्भातले गाडगेबाबा आयुष्यभर तेच सांगत फिरले, कर्ज काढून लग्न-सण करू नका. त्यांच्या मामाची शेती सावकारानं गिळली होती, म्हणून त्यांच्या बोलण्याला धार होती. आपण त्यांचा फोटो लावतो आणि डीजेचे पैसे उसने आणतो.

आता ज्याचं पीक खरंच गेलं, ज्याच्याकडं भरायला नाहीच, त्याला मी बोलत नाही. त्यानं लपून बसू नये. बँकेत किंवा सोसायटीत जाऊन पुनर्गठनासाठी लेखी अर्ज द्यावा, पोच घ्यावी. आपला तालुका अतिवृष्टीच्या यादीत आहे का ते तलाठ्याला विचारावं. विनापरवाना सावकार जमीन लिहून मागत असेल तर २०१४ च्या कायद्यानं जिल्हा उपनिबंधकाकडं तक्रार करता येते. सही करायच्या आधी जा, नंतर नाही.

मी बोलतो ते ज्याच्याकडं पैसे आहेत आणि जो मुद्दाम थांबला आहे त्याला. भाऊ, माफीसाठी मोर्चात चल, मी तुझ्या पुढं चालीन. पण घरातून निघायच्या आधी सोसायटीत जाऊन पावती फाडून ये. माफी आली तर नियमित भरणाऱ्यालाही द्या म्हणून आपण मिळून भांडू. नाही आली, तर जूनमध्ये बियाण्यासाठी कोणाच्या ओट्यावर बसावं लागणार नाही.

माझा हिशेब चुकत असेल तर आकड्यानं दाखवा. शिव्या नको.